पाऊण गुंठ्यावरचा मुक्काम
(प्रस्तावना)

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या ज्या कुटुंबांनी गाड्यांवर पांढरं जाड कापड ताणून पश्चिमेची वाट धरली, त्यांच्या हालअपेष्टांच्या कथा आपल्याकडेही पोचल्या आहेत. काही सिनेमांतून, काही लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकांतून. मिझुरी नदीच्या काठावरून निघायचं आणि ऑरेगनपर्यंत तीन हजार किलोमीटरच्या वर चालायचं. चालायचंच, कारण गाडीत पीठ, खारवलेलं मांस, बियाणं, नांगराचा फाळ आणि एखादा आजारी माणूस एवढंच मावे. बाकीचं घर बैलांच्या बरोबरीनं पायी. चार ते सहा महिने हाच दिनक्रम. नदी ओलांडताना माणसं बुडत, पोरं चाकाखाली सापडत, आणि पटकीची साथ आली की तांड्यातली माणसं वाटेकडेला पुरून गाड्या पुढे हाकाव्या लागत. 1846 साली उशिरानं निघालेला डॉनर कुटुंबाचा तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला. ऐंशीवर माणसांतली जवळजवळ निम्मी दगावली.

एवढं सोसून जे पोचले त्यांच्यासाठी शेवटी जमीन होती. 1862 च्या कायद्यानं तर ती जवळपास फुकट मिळू लागली. पाच वर्षं राहा, कसा, घर बांधा, आणि 160 एकर तुमचे.

उरण तालुक्यातल्या शेवा गावच्या कुटुंबांवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसल्यावर मला आधी त्या गाड्याच आठवल्या. शेव्याच्या कोळ्यांचा प्रवास अंतरानं फारच थोडा. जिथे आज जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन उभ्या आहेत तिथून उरण शहराला लागून असलेल्या बोरीपाखाडीपर्यंत. वाटेत बर्फ नाही, वाळवंट नाही, एकही मोठी नदी नाही. टेम्पोनं जायचं तर तासभर पुरे. असं असताना त्यांच्या हालांवर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी एक हिशेब करायला सांगेन.

बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला तेव्हा तिथली 256 कुटुंबं हलवण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाच्या आराखड्यात 17 हेक्टर जमीन धरली होती. प्रत्यक्षात बोरीपाखाडीला मिळाली ती दोन हेक्टरच्या आसपास. दोन हेक्टर म्हणजे दोनशेला थोडे कमी गुंठे. त्यांना 256 नं भागा. घरटी पाऊण गुंठा येतो, आणि त्यातच गल्ल्या, देऊळ, पाण्याची टाकी आणि शाळाही बसवायची. सतरा हेक्टर मिळते तर हाच आकडा साडेसहा गुंठ्यांच्या वर गेला असता. तिकडे तीन हजार किलोमीटर चालून 160 एकर, इकडे तासाभराच्या प्रवासानं पाऊण गुंठा. तुलना अन्यायाची आहे हे कबूल. पण ती कुणावर अन्याय करते ते पाहण्यासारखं आहे.

आता उरणबद्दल थोडं, कारण बाहेरच्या वाचकाला उरण म्हणजे मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच, पिरवाडीचा किनारा किंवा फार तर घारापुरीची लेणी एवढंच ठाऊक असतं. (घारापुरी मुंबईची समजली जाते, पण ती उरण तालुक्यात आहे. उरणकरांचा हा जुना सल.) हा सारा प्रदेश मूळचा खाड्या, खाजणं आणि बेटांचा. द्रोणागिरीचा डोंगर सोडला तर नजरेत भरण्याजोगी उंची फारशी नाही. इथल्या आगरी माणसानं खाऱ्या चिखलात बांध घातले, उघाड्या बसवल्या, भरतीचं पाणी बाहेर ठेवून आत भात पिकवलं. जिथे भात येणार नाही तिथे मिठागरं केली. कोळी माणूस त्याच खाडीच्या तोंडाशी राहिला. पश्चिमेकडे निघालेल्या त्या गाडीवाल्यांना नवी भूमी घडवणारे म्हणून गौरवतात. समुद्राकडून हात-हात जमीन मागून घेणाऱ्या या माणसांना तसं कुणी कधी म्हटलं नाही. उलट, पुढे जेव्हा नव्या शहराचा नकाशा निघाला तेव्हा त्या नकाशात हा प्रदेश जवळपास कोरा दिसत होता.

तो नकाशा वाईट हेतूनं काढलेला नव्हता, हेही लिहायला हवं. मुंबई बेटाची दमछाक झाली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून सुचवलं की शहर उत्तरेला लांबवत नेण्यापेक्षा बंदराच्या पाण्यापलीकडे, पूर्वेला, नवं शहर वसवा. मुंबईच्या पश्चिमेला समुद्र. म्हणून तिची 'पश्चिम' पूर्वेला निघाली. 1970 च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं आणि सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र त्याच्या हद्दीत आलं. कल्पना धाडसाची होती, कागदावर सुंदरही होती. फक्त त्या 95 गावांत माणसं राहत होती, त्यांना देव होते, पीक होतं, लग्नं ठरलेली होती. नवी मुंबईत पुढे घर घेणारी हजारो मध्यमवर्गीय कुटुंबं स्वतःला नव्या वस्तीचे पहिले रहिवासी मानत आली. नळाला पाणी नाही, लोकल नाही, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा त्यांच्या आठवणी खऱ्याच आहेत. त्या कुटुंबांनी सोसलंही. पण तो गाडीतून आलेल्यांचा इतिहास झाला. गाड्या आल्या तेव्हा जे तिथे आधीच होते त्यांचा इतिहास निराळा, आणि हे पुस्तक त्यांचं आहे.

या बाबतीत लॉराच्याच पुस्तकाचं उदाहरण देण्याजोगं आहे. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' 1935 साली प्रसिद्ध झालं. त्यातलं इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये जातं, बाप स्वतःच्या हातानं लाकडी घर उभारतो, विहीर खणतो, आणि शेवटी ते सगळं टाकून गाडी परत जोडावी लागते. का? कारण ती जमीन ओसेज लोकांची होती. लहान मुलीच्या डोळ्यांनी लिहिलेलं असल्यामुळे वाचक बापाच्या कष्टांनी हळहळतो. प्रत्यक्षात पुढे ओसेजांनाच कॅन्सस सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्याच्याही आधी, 1838 मध्ये, चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात त्यांच्या गावांतून हाकललं गेलं. सुमारे सोळा हजार माणसं, आणि वाटेत व छावण्यांत अंदाजे चार हजार मेली. तोही प्रवास गाड्यांचा आणि पायी, तोही पश्चिमेकडे. त्यात निवडीला मात्र जागा नव्हती. शेव्याच्या प्रवासाचं नातं जोडायचंच तर ते या दुसऱ्या वाटेशी जोडावं लागतं. शेव्याला इतकी माणसं मेली नाहीत, आणि मी त्या दोन दुःखांची बरोबरी करत नाही. मी फक्त दिशा दाखवतो आहे.

आपल्या घरातही अशा वाटा आहेत. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. कोयनेचं धरण झालं तेव्हा जावळी-पाटणकडची कुटुंबं वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली. त्यांतली काही तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातही आली. डोंगरातली माणसं खाऱ्या वाऱ्यात येऊन राहिली. म्हणजे या जिल्ह्यानं उठवलेली माणसं आधी पाहुणी म्हणून पाहिली होती. मग त्याच्या स्वतःच्या गावांची पाळी आली. महाराष्ट्रानं 1976 साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशात सर्वांत आधी केला, हे आपण अभिमानानं सांगतो. शेवा उठलं ते या कायद्यानंतर. कायदा नव्हता म्हणून असं झालं, अशी सबब इथे चालत नाही.

उरणचा 1984 सालचा जानेवारी माहीत नसेल तर पुढची पानं अर्धीच समजतील. जमिनी जात होत्या आणि भाव मिळत होता तो शेतकऱ्याला मान्य नव्हता. जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, यांच्या मागे सारा तालुका उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारीला दास्तान फाटा आणि परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मे झाले. अंगावर साधा सदरा, हातात काही नाही, अशी ती माणसं होती. या भागाला गोळीबार नवा नव्हता. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातही गोळ्या चालल्या होत्या. पण तेव्हा सरकार परकं होतं.

त्या लढ्यातून निघालं ते साडेबारा टक्क्यांचं सूत्र. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत द्यायची. देशभरच्या पुनर्वसनात ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय दि. बां.ना आणि त्या पाच जणांना आहे. नव्या मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले ते या ऋणापोटी. तरीही बंदरासाठी जमीन दिलेल्यांना या सूत्राची पत्रं वाटली गेली ती ऑगस्ट 2014 मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते, बंदराच्याच आवारात. गोळीबारानंतर तीस वर्षांनी. तोवर ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांतले किती जण हयात होते, हा प्रश्न उरणमध्ये कुणी मोठ्यानं विचारत नाही, कारण उत्तर प्रत्येक घरात भिंतीवर हार घालून टांगलेलं असतं.

आणि ज्यांच्याकडे सातबारा नव्हता त्यांचं काय? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडा रेंगाळतो.

शेवा कोळीवाड्यातली मोठी संख्या बिगरशेतकऱ्यांची होती. त्यांचं शेत म्हणजे खाडी. सरकारी भाषेत खाडी कुणाचीच नसते. 1894 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला जमिनीच्या धारकाला. डोलीचा खुंट जिथे तीन पिढ्या रोवला जातो ती जागा पाण्याखालची. तिची मोजणी नाही, फेरफार नाही, वारस नोंद नाही. पण गावात विचारा, कुठला खुंट कुणाचा हे शेंबडं पोरही सांगेल. डोल हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाच्या तोंडाशी उघडं ठेवतात. भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीनं जवळा, कोलीम, बोंबील, कोळंबी आत येते. ही ओढ उधाणाला जोराची आणि भांगाला मंद. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मागे-पुढे कमाई, अष्टमीच्या सुमाराला जाळी दुरुस्ती. घरातल्या बाया-पोरी ओहोटीला खाजणात उतरणार, निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवं हातानं गोळा करणार. होडीला पैसा नसलेलं घरसुद्धा त्या चिखलावर उपाशी मरत नसे. एखादी म्हातारी विधवा झाली, मुलगा निपजला नाही, तरी तिच्या हातात कोयती आणि टोपली असली म्हणजे संध्याकाळच्या कालवणाची चिंता नव्हती. खाजण हे या माणसांचं कोठार, विमा आणि वृद्धाश्रम, तिन्ही होतं.

आता हे घर उचला आणि चार-पाच मैल आत नेऊन ठेवा. पाणी हाकेच्या अंतरावर असलं तर रात्री दोनच्या ओहोटीला उठून जाता येतं. नसलं तर जाता येत नाही, इतकं ते साधं आहे. होडी ज्या चिखलात लावायची ती जागा गेली. जिथून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पाण्याचा रंग पाहून ठरवायचा की आज निघायचं की नाही, तो ओटा गेला. बाईला चिंबोऱ्यांच्या बिळांची जी नजर असते ती विशिष्ट खाजणाची असते, दुसरीकडे ती आंधळी होते. तीन हजार किलोमीटर चालून गेलेला शेतकरी नव्या मातीत तोच नांगर घालू शकत होता. कोळ्याला दुसरी खाडी देता येत नाही, कारण दुसऱ्या खाडीत दुसरे कोळी असतात.

आणि मिळालेली जागा? बोरीपाखाडीच्या त्या वस्तीला हनुमान कोळीवाडा म्हणतात. शेतकरी कुटुंबांचं नवीन शेवा वेगळं वसलं, म्हणजे एका गावाची दोन गावं झाली आणि नातीगोती रस्त्याच्या दोन टोकांना गेली. हनुमान कोळीवाड्याला लोक अजून ट्रान्झिट कॅम्प म्हणतात. तात्पुरता मुक्काम म्हणून आले, आणि तात्पुरत्यात दोन पिढ्या जन्मल्या.

त्या जागेला वाळवी आहे. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहिलं. पुनर्वसनाच्या अहवालात अपुरं क्षेत्र, अपुऱ्या सुविधा असे शब्द येतात, पण वाळवी त्यात कुठे बसवायची? चौकटीला बोटानं टिचकी मारली की आवाज पोकळ येतो. वरचा ऑईलपेंट तसाच चकचकीत, त्यावर मागच्या दिवाळीचं स्वस्तिकही शाबूत, आणि आतलं लाकूड भुसा होऊन गेलेलं. भिंतीवर तळापासून मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसतात, बोरूनं ओढल्यासारख्या. एक पुसली की आठवड्यात शेजारी दुसरी. दारं गेली, खिडक्या गेल्या, छपराचे वासे गेले. लोकांनी लाकडाच्या जागी लोखंड घातलं, फरशा उखडून औषधं ओतली. कपाटातली लग्नातली पैठणी आणि मुलांचे दाखलेसुद्धा वाळवीनं सोडले नाहीत. काहींनी घर सोडून भाड्यानं राहणं पत्करलं. मोबदल्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवण्याची या वस्तीतली पद्धत पाहिली की कळतं, इथे पुरावा जपणं हाही रोजचा कामधंदा आहे. सरकारनं जमीन कमी दिली हा अन्याय झाला. पण वाळवीच्या वारुळावर गाव वसवणं याला शुद्ध मराठीत हयगय म्हणतात, आणि हयगयीचा राग अन्यायाच्या रागापेक्षा चिवट असतो. अन्याय करणाऱ्यानं निदान तुमचा विचार तरी केलेला असतो.

बंदर 26 मे 1989 ला कार्यान्वित झालं. आज देशातलं अग्रगण्य कंटेनर बंदर, वर्षाला सत्तर लाखांहून अधिक कंटेनर एककांची उलाढाल. शांघायच्या किंवा रॉटरडॅमच्या जहाज कचेरीत बसलेला कारकून मालाच्या कागदावर बंदराचं नाव लिहितो ते न्हावा शेवा. रायगडातल्या दोन खेडेगावांची नावं अशी जगभर रोज टंकित होतात. त्यातलं शेवा जिथे होतं तिथे आता काँक्रीटचं यार्ड आहे. गावकरी अधूनमधून गट करून जुन्या गावठाणात जाण्याचा प्रयत्न करतात, पोलीस अडवतात, चर्चा होते, बैठकीची तारीख मिळते. कधी होड्या घेऊन जहाजांचा मार्ग अडवायला निघतात. बंदराच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, आणि चॅनेलमध्ये लहान होडी मोठ्या जहाजापुढे येणं जिवावरचं आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या पाण्यात आजा जाळं टाकायचा त्याच पाण्यात नातू घुसखोर ठरतो, ही गोष्ट कुठल्याही सुरक्षा नियमावलीनं गोड लागत नाही.

लढाई नुसती रस्त्यावर झाली असंही नाही. बंदराच्या विस्तारासाठी भराव पडला, खारफुटी तुटली, भरतीच्या पाण्याची आणि होड्यांची वाट आकसली. याविरुद्ध उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. हनुमान कोळीवाडा, उरण कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा असे चार कोळीवाडे त्यात होते. 27 फेब्रुवारी 2015 ला पुण्याच्या खंडपीठानं निकाल दिला. 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाखांची भरपाई, बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून. वर्तमानपत्रांनी रकमेचा मथळा केला. मला त्यातला दुसरा भाग मोठा वाटतो. खाडीवर उदरनिर्वाह करणाऱ्याचं नुकसान हे मोजता येण्याजोगं नुकसान आहे, हे एका न्यायासनानं मान्य केलं. सातबारा नसलेल्या माणसाचं नाव यादीत आलं. निकालानंतरही पैसा हातात पडायला वर्षं गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं; तो तपशील कंटाळवाणा आहे आणि कंटाळवाणेपणानंच या माणसांची निम्मी शक्ती खाल्ली.

आता पुस्तकाबद्दल. आठवणींच्या पुस्तकांत एक धोका असतो: गेलेलं गाव सोन्याचं दिसू लागतं. शेवा सोन्याचं नव्हतं. पावसाळ्यात बंदी, दर्यात माणसं जायची, सावकार होता, दारू होती, मुलीला शाळा नव्हती, आजाऱ्याला मुंबईला नेईपर्यंत भरती-ओहोटी आडवी यायची. बंदरामुळे नोकऱ्या आल्या, काही घरांत खरोखर आल्या, आणि त्या घरांतली तरुण मुलं जुन्या गावासाठी आजीइतकी रडत नाहीत. ज्यांना नोकरी मिळाली आणि ज्यांना नाही, अशा दोन घरांत वाळवीची भिंत एकच असली तरी बोलणं थांबलेलं असतं. वाचकानं अशा जागा गाळू नयेत. हालअपेष्टांच्या कथेत सगळे एकजुटीनं सोसतात असं वाचायला बरं वाटतं. तांडे असे चालत नाहीत. ऑरेगनच्या वाटेवरही भांडणं इतकी होत की तांडे फुटून वेगळे होत.

दुसरी सूचना बायकांच्या आठवणींविषयी. पुरुष सांगतात तेव्हा गोष्ट 1984 पासून सुरू होते, मोर्चा, लाठी, नेते, करार, तारखा. बायका सांगतात तेव्हा ती एखाद्या वस्तूपासून सुरू होते: मुसळ, माशांची टोपली, गावदेवीचा दगड, एकवीरेच्या पालखीचा रस्ता. पालखी आता कुठून निघायची, हा प्रश्न गाव उठताना कुणा अभियंत्याला सुचला नसेल. माझा सल्ला, आधी बायकांची प्रकरणं वाचावीत, मग तारखांची. उलट वाचलंत तर मोबदल्याचा हिशेब कळेल आणि मोबदला कशाचा होता ते निसटेल.

भाषेत ढवळाढवळ केलेली नाही. आगरी-कोळी बोलीतलं 'आमी', 'जेला', 'पानी' जसंच्या तसं आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला दोन पानं अडखळायला होईल, तिसऱ्या पानापासून कान लागेल.

हे लिहीत असताना उरणचा चेहरा पुन्हा बदलतो आहे. 12 जानेवारी 2024 ला शिवडी ते न्हावा शेवा अशा अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. मोऱ्याची लाँच चुकली म्हणून रात्र मुंबईला काढलेल्या पिढीला हे स्वप्नच. सेतूच्या अलीकडच्या टोकाला जमिनीचे फलक लागले आहेत. तिसरी मुंबई, नवं शहर, गुंतवणुकीची संधी. नवी कुटुंबं येतील, कर्ज काढून, मुलांच्या शाळा सोडवून, बरंच सोसून येतील. त्यांच्या हालांची पुस्तकंही लिहिली जावीत. त्या फलकांवरचे नकाशे मी थांबून पाहिले. त्यांत रस्ते आहेत, मेट्रोच्या प्रस्तावित रेषा आहेत, गोल्फचं हिरवं मैदानसुद्धा आहे. चिर्ले, जासई, धुतूम, पागोटे, नवघर, फुंडे ही गावं मात्र बहुतेक नकाशांत छापलेली नाहीत. त्यांतल्या प्रत्येक गावात आज माणसं राहतात, आणि तिथल्या काही घरांत या पुस्तकातल्या कुटुंबांच्या लेकी दिलेल्या आहेत.